अधिकार कोणाचा?



आमच्या लोहा-कंधार भागात ‘पॉवर’ हा शब्द आता कुणालाच परका वाटत नाही. डोळे तपासून आलेला म्हातारा सांगतो, “पॉवर वाढली.” म्हणजे नजर कमी झाली. मेडिकलवाला गोळी देताना बजावतो, “हाय पॉवरची आहे, उपाशीपोटी घेऊ नका.” विहिरीवरची मोटार पाच हॉर्सपॉवरची. भावाच्या नावाने शेताचे कागद करून दिले तर ती पॉवर ऑफ अॅटर्नी. आमचे आजोबा त्यालाच मुखत्यारनामा म्हणत. आणि ज्याच्या एका फोनवर जळालेली डीपी दोन दिवसांत बदलून मिळते, तो पॉवरवाला माणूस. बाकीच्यांनी त्याच डीपीसाठी वर्गणी करायची, ट्रॅक्टर लावायचा आणि वाट पाहायची. गंमत अशी की तारेतून जी खरीखुरी पॉवर येते तिला मात्र आम्ही ‘लाईट’ म्हणतो.

पॉवर वाढली म्हणजे नजर कमी झाली, हा दृष्टांत कीर्तनात कुणीही देईल. म्हणून तो इथेच सोडतो.

आपल्या मराठीत या एका शब्दासाठी पुष्कळ शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बैलात ताकद असते, वाऱ्याला जोर असतो, सरपंचाचे तालुक्यात वजन असते, पैलवानाच्या अंगात बळ असते. निजामाच्या काळातली माणसे ‘हुकूमत’ म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती हुकूमत गेली, शब्द मात्र जुन्या माणसांच्या तोंडी राहिला. नवरा घरात फार बोलू लागला की आमची आई म्हणायची, “तुमची हुकूमत पडवीत, चुलीपाशी नाही.”

शक्ती म्हटले की आम्हा नांदेडकरांना माहूर आठवते. साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ आमच्याच जिल्ह्यात, सह्याद्रीपासून इतक्या दूर, किनवटच्या जंगलाच्या अंगाला. रेणुकामातेच्या गाभाऱ्यात उभे राहिले की समोर फक्त मुख दिसते. मुखाचा तांदळा आहे. उगारलेला हात नाही. आणि आपला पंढरीचा देव? त्याचे दोन्ही हात कमरेवर. हाणायला उचललेले नाहीत, आशीर्वादाला वर केलेले नाहीत. जगाचा धनी म्हणून ज्याला आपण हाक मारतो तो हात कमरेवर ठेवून उभा आहे, याचा मी बरीच वर्षे विचारच केला नव्हता. पुंडलिकाने थांब म्हटले, तो थांबला. थांबायला सांगितल्यावर थांबतो तो देव, एवढे तरी त्या मूर्तीने मला शिकवायला हवे होते.

‘सत्ता’ या शब्दाचे तर आपण पार वाटोळे केले आहे. सत् म्हणजे असणे. सत्ता म्हणजे असलेपण. फडावर जुने महाराज ‘त्याच्या सत्तेने’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हुकूम नसतो. तो आहे म्हणून झाडाचे पान हलते, इतकेच ते सांगत असतात. वर्तमानपत्रात मात्र सत्ता म्हणजे खुर्ची. जो खुर्चीवर नाही तो जणू नाहीच.

पण मला बोलायचे आहे ते ‘अधिकार’ या शब्दाबद्दल, आणि त्याचे कारण माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे.

आमची दिंडी लहान. दीड-पावणेदोनशे माणसांची, गावकीची. कोणत्याही मोठ्या पालखीत आमचा नंबर नाही. लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी असे करत आम्ही पंढरपूर गाठतो. वीणा दुसऱ्या महाराजांकडे असते. माझ्याकडे वही असते. भिशी किती जमली, कोणाची राहिली, ट्रकमध्ये कोणाचे बोचके, तंबूत कोण कुठे, हे सगळे त्या वहीत. वही ज्याच्याकडे त्याची दिंडी, असे कुणी बोलून दाखवत नाही. पण चहा पहिला कोणाला येतो हे पाहिले की कळते.

काही वर्षांपूर्वी अहमदपूरच्या पुढे एक आजी दिंडीत मिसळल्या. डोक्यावर बोचके, पायात टायरची चप्पल. दोन मुक्काम कुणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी पीठ कमी पडू लागले आणि मी पंगतीत माणसे मोजत फिरलो. आजींचे नाव वहीत नव्हते. मी विचारले. त्या म्हणाल्या, “लेक लातूरला येणार हाय, तो भरंल.” मी म्हणालो की यादी केव्हाच बंद झाली आहे, असे मधूनच कुणालाही घेता येत नाही. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. पंगत आधीच गप्प झाली होती.

आजी उठल्या. पत्रावळीवर नुकतीच भाकरी वाढली होती, ती त्यांनी शेजारच्या बाईच्या पानात ठेवली. “बरं महाराज. अधिकार तुमचा हाय,” म्हणाल्या, आणि आपल्या रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायाला हात लावला. आपल्या रीतीप्रमाणे मीही त्यांच्या पायाला हात लावायला हवा होता. वारीत लहान-मोठे पाहत नाहीत. पण माझ्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात पेन.

दुसऱ्या दिवशी त्या मागून येणाऱ्या एका दिंडीबरोबर चालताना कुणाला तरी दिसल्या. नंतर नाही. पंढरपुरात वाळवंटात मी त्यांना शोधले. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात नऊवारीतली एक म्हातारी शोधणे म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

आजही मला तो नियम चुकीचा वाटत नाही. भिशीशिवाय दिंडी चालत नाही. किराणा दुकानदार अभंग ऐकून उधारी सोडत नाही. ज्यांनी मोंढ्यात सोयाबीन विकून पैसे भरले त्यांच्या पीठात वाटेकरी किती घ्यायचे, हा खरा हिशेबाचा प्रश्न आहे. मला टोचते ते वेगळेच. आजी उठल्या तेव्हा पंगतीतल्या दीडशे माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले, आणि मला बरे वाटले. क्षणभरच, पण बरे वाटले. त्या क्षणी कुणी विचारले असते तर मी म्हणालो असतो की दिंडीची शिस्त राखली. शिस्त राखली हे खरेच होते, आणि बरे वाटले हेही खरे होते.

तेव्हापासून त्या आजींचा शब्द मनात घोळतो. अधिकार. तहसीलमध्ये अधिकारी बसतो, त्याला अधिकार असतो. म्हणजे तो सही करू शकतो, अडवू शकतो. संप्रदायात आपण ‘अधिकारी पुरुष’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे सही-शिक्का नसतो. तो घेण्याच्या लायकीचा झालेला असतो. ज्ञान घेण्याचा, नाम घेण्याचा, दुसऱ्याचे दुःख घेण्याचा त्याला अधिकार असतो. एक अधिकार देण्या-नाकारण्याचा आणि दुसरा घेण्याचा. शब्द एकच. दुसरा नसताना पहिला हाती आला की माणसाचे काय होते, ते मी पंगतीत पाहिले.

आजींनी यांतला कोणता अर्थ धरून ते वाक्य म्हटले? मला वाटते, त्यांनी साधे मान्य केले: वही तुमची, निर्णय तुमचा. पण कधी कधी असेही वाटते की वारीत आयुष्य काढलेल्या बाईला दुसरा अर्थ ठाऊक नसेल कसा? मग ते वाक्य फार कडक होते.

नांदेडात राहणाऱ्याला या प्रश्नाचा एक जुना दाखला घराशेजारीच सापडतो. १७०८ साली गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंहजींनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी गुरुपद कोणा माणसाच्या हाती दिले नाही, ग्रंथाला दिले. दहा गुरू झाले, अकरावा ग्रंथ. सैन्य होते, शिष्य होते, मागे कुणाला तरी बसवता आले असते. सचखंड गुरुद्वाऱ्यात जाताना हे मनात येते. त्याच ग्रंथात आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. शिंप्याच्या घरचा तो मुलगा स्वतः पंढरपूरला महाद्वारात पायरी होऊन राहिला, आणि त्याचे शब्द पंजाबात सिंहासनावर विराजमान झाले. मी वही हातात धरून माणसांच्या वर उभा राहिलो होतो. तिथे ग्रंथ वर ठेवला आणि माणसे सगळी सारखी खाली बसली.

आणि लंगर. त्या पंगतीत मी कितीदा जेवलो आहे. नाव, गाव, जात, भिशी, काहीच कुणी विचारत नाही. हे लिहिताना एक शंका माझी मलाच येते: त्यांच्यामागे मोठे संस्थान आहे, माझ्यामागे भाड्याचा ट्रक. शंका रास्त आहे. पण त्या रात्री पीठ एका भाकरीने कमी पडले नसते, हेही मला माहीत आहे.

आता पंढरपुराकडे येऊ. तिथे तर अधिकाराचे सगळे अर्थ एका दगडी मंडपात दाटीने उभे असतात. आषाढी एकादशीला पहाटे शासकीय महापूजा होते. राज्याचा मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतो आणि त्याच्या शेजारी एक वारकरी जोडपे. हे जोडपे कुणी निवडत नाही, त्याची शिफारस चालत नाही. पूजेसाठी दर्शन थांबते त्या वेळी रांगेत जे पुढे असतील त्यांचा तो मान. तासन् तास उभे राहिले, एवढाच त्यांचा अधिकार. २०१८ साली आंदोलनाच्या वातावरणामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला आले नाहीत, तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या वारकरी जोडप्याच्या हातून पूजा झाली. पुढच्या वर्षी, २०१९ला, मुख्यमंत्र्यांशेजारचा मान आमच्या वाटेवरच्या अहमदपूर तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या नवरा-बायकोला मिळाला. ते कळल्यावर आमच्या दिंडीत पेढे वाटले. मीही वाटले. आणि पेढा हातात असताना मला अहमदपूरपुढच्या त्या आजी आठवल्या.

रांगेचे एवढे कौतुक करतो आहे, तर हेही सांगितले पाहिजे की एका देवस्थानात मी स्वतः ओळखीने, बाजूच्या दाराने आत गेलो आहे. गुडघे दुखत होते, हे खरे. रांगेतल्या पुष्कळांचे दुखत असणार, हेही खरे.

ज्यांना रांगेतसुद्धा उभे राहता येत नव्हते त्यांची गोष्ट तर याहून मोठी. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, ती का बाहेर आहे हे आपण जाणतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले तेव्हा कुठे मंदिराचे दार हरिजनांना उघडले. गुरुजींकडे ना पद होते ना फौज. दार बंद ठेवण्याचा अधिकार सांगणारे आत होते आणि आत जाण्याचा अधिकार असलेले पिढ्यान् पिढ्या बाहेर उभे होते.

मग अधिकार कुणालाच नसावा का? असे म्हणणे सोपे आहे, पण दिंडी चालवलेला माणूस ते म्हणणार नाही. कुणीतरी ‘आता निघा’ म्हणावे लागते. कुणीतरी पाण्याचे पाहावे लागते. २०१६ साली लातूरकरांनी हे जितके पाहिले तितके कुणी पाहिले नसेल. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलला पहिल्या खेपेत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आम्ही गमतीने म्हणायचो की लातुरात मोठे पद एकच, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचे. गल्लीत पाणी कधी सुटणार हे त्याला माहीत, म्हणून लोक त्याला भाऊ, दादा, साहेब सगळे म्हणत. चावी कुणाच्या तरी हातात असणारच. ती हातात असणाऱ्याला कोण आणि कसे थांबवणार, हा प्रश्न.

आपल्या परंपरेने याचे एक उत्तर काढलेले आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांना ठाऊक असेल. संध्याकाळी तळावर पालखी आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप वर करतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. एवढ्या लाखाच्या मेळ्यात एका काठीने शांतता होते; हा अधिकार केवढा! पण ज्या दिंडीवर दिवसभरात काही अन्याय झाला असेल, जागेवरून, पाण्यावरून, क्रमावरून, ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ चालूच. मग चोपदारांना तिकडे जावे लागते, विचारावे लागते, मिटवावे लागते. तोवर आरती सुरू होत नाही. प्रत्यक्ष माउली थांबतात.

हैबतबाबा आरफळकर मूळचे शिंदे सरकारांच्या पदरचे, फौजेत वावरलेले. पालखी सोहळ्याची घडी त्यांनी घातली. हुकूम कसा चालतो हे ठाऊक असलेल्या माणसाने घातलेल्या घडीत हुकूम न ऐकण्याची जागाही राहिली आहे, याचे मला नवल वाटते.

ही रीत आमच्या लहानशा दिंडीत आणावी असे मी सुचवले. त्या आजींचे नाव मी काढले नाही. पण कशासाठी सुचवतो आहे हे पंगतीला असणाऱ्यांना कळले असावे. ठरले असे की रात्री हरिपाठ संपला की वीणेकरी महाराजांनी हात वर करायचा, सगळ्यांनी टाळ थांबवायचे, आणि ज्याला काही म्हणायचे असेल त्याने वाजवत राहायचे. वहीवाल्याने, म्हणजे मी, त्याच्याजवळ जाऊन ऐकून घ्यायचे. बोलवायचे नाही, जायचे.

पहिल्या वर्षी एकही टाळ वाजत राहिला नाही. मला समाधान वाटले. आपला कारभार चांगला आहे, असे मी दोघा-तिघांना बोलूनही दाखवले.

दुसऱ्या वर्षी येडशीच्या मुक्कामात हरिपाठानंतर मी टाळ गोळा करत होतो. तुळस घेऊन चालणाऱ्या एका लेकीने मला विचारले, “काका, ती टाळाची रीत फक्त टाळकऱ्यांसाठी हाय का?” मी म्हटले, “नाही गं बाई, सगळ्यांसाठी आहे.” ती म्हणाली, “मग आम्ही काय वाजवायचं?”

मी वर पाहिले. आमच्या दिंडीत बायका निम्म्याहून जास्त. टाळ सगळे पुरुषांच्या गळ्यात. बायकांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, नाहीतर पाण्याचा हंडा. एक हात वर धरलेला, दुसऱ्यात पदर.

तक्रार होती ती टँकरची. पहाटे टँकर आला की आधी पुरुषांच्या अंघोळी, बायकांना उरेल ते, आणि तेही उजाडल्यावर, उघड्यावर. तीन वर्षांपासून असेच चालले होते. टँकरची वेळ कोण ठरवतो? वही ठरवते. खरे सांगायचे तर मला आधी रागच आला. एवढ्या पंचवीस माणसांसमोर का विचारले, बाजूला घेऊन सांगता आले असते, असे आत कुठेतरी उमटले. मग लक्षात आले की मी तरी आजींना कुठे बाजूला घेऊन सांगितले होते.

टँकरची वेळ त्याच रात्री बदलली. त्याला काही लागले नाही. वहीतल्या दोन ओळी खाली-वर केल्या.

या वर्षी प्रस्थानाआधी नांदेडच्या बाजारातून टाळांचे बारा नवे जोड आणले आहेत. ते बायकांच्या रांगेत द्यायचे आहेत. तुळस आणि हंडा आळीपाळीने पुरुषांनीही घ्यावा, असे ठरवायचे आहे. त्यावर बैठकीत दोन ज्येष्ठ मंडळी नाराज होऊन उठली, अजून बोलणे चालू आहे. वहीतही एक पान कोरे ठेवले आहे, वाटेत मिसळणाऱ्यांसाठी. त्यावर भिशीचा रकाना आखलेला नाही. अहमदपूर आम्ही सहाव्या दिवशी ओलांडतो.